बरणीत भरतात, मग ‘डबाबंद’ कसं?

पाऊणशहाणी
घरच्या घरी फळं-भाज्या टिकवण्याच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय आणि ‘कॅनिंग’पाशी गाडी अडलीय. मी आपलं ‘डबाबंद करणे’ लिहून मोकळी झाले. मसुदा वहिनीला वाचायला दिला, तर तिचा पहिलाच प्रश्न : “पत्र्याचा डबा घरी झाळायचा कसा गं?” खरंच, पुस्तिकेत डबा औषधालाही नाही. सगळं काचेच्या बरण्यांत. ‘हवाबंद’ म्हणावं तर बिस्किटांचा डबाही हवाबंदच असतो. मला क्रियापद हवंय, कारण दर चार ओळींनी ‘टोमॅटो कॅन करा’ येतं. शिवाय हेडस्पेस (बरणीत वर सोडायची रिकामी जागा), लिड आणि रिंग. शेवटच्या प्रकरणात ‘स्टॉक अप’ही आहे. सुचवा.

आटेवाला
वहिनींना सांगा, हा घोळ मुळातच आहे. ज्याने ही रीत बसवली तो फ्रेंच मिठाईवाला, निकोला अपेर, काचेच्या बाटल्याच वापरायचा. बूच ठोकायचं, तारेने आवळायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात. 1810 साली त्याने हे छापून सगळ्यांना सांगितलं. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरंडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. ‘कॅन’ हे ‘कॅनिस्टर’चं लघुरूप असं म्हणतात, आणि ‘कॅनिस्टर’चं मूळ ग्रीकमध्ये वेताच्या टोपलीत. म्हणजे टोपलीचं नाव डब्याला आणि डब्याचं बरणीला. ब्रिटिश लोक घरच्या कामाला ‘बॉटलिंग’ म्हणतात, तेवढेच शहाणे. तुमचं ‘डबाबंद’ यापेक्षा वाईट नाही.

शुद्धमती
दुसऱ्यांनी चूक केली म्हणून आपण का करायची? ‘कूपीबंधन’ घ्या. कूपी म्हणजे बाटली. शब्द संस्कृत आहे, नेमका आहे.

आटेवाला
कूपीबंधन! काढ्याचं नाव वाटतं.

मधलीसुट्टी
किंवा योगासनाचं.

टोपण
थांबा, गंमत पुरे. ‘हवाबंद’ का नको ते आधी नीट बघू, कारण तो शब्द नुसता ढिसाळ नाही, घातक आहे. हवा काढली की पदार्थ टिकला असं वाचणाऱ्याला वाटतं. बॉट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूला हवा नसलेली जागाच तर हवी असते! त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. पदार्थ पुरेसा आंबट असेल, म्हणजे पीएच 4.6 किंवा त्याखाली, तर ते रुजत नाहीत. तिथे उकळतं पाणी पुरतं. शेंगा, मका, मांस असलं काही असेल तर दाबाखाली 116 अंशांच्या आसपास तापवावंच लागतं, तेही ठरलेली मिनिटं, शिट्ट्या मोजून नव्हे. टोमॅटो नेमका उंबरठ्यावर बसतो, म्हणून साधारण अर्ध्या लिटरच्या बरणीत एक मोठा चमचा लिंबूरस घालायला सांगतात, आणि तोही बाटलीतला, कारण त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. तेव्हा टिकवते ती आच. झाकण फक्त राखण करतं. शब्दात आच आली पाहिजे. ‘उकळबंद’?

पाऊणशहाणी
‘उकळबंद’ आवडला. पण दाबाखालचा प्रकार त्यात कुठे बसवू?

शुद्धमती
‘उकळबंद’ म्हणजे उकळणं बंद. समास फोडून बघा.

टोपण
‘डबाबंद’ म्हणजे डबा बंद असं कुणी वाचतं का?

शुद्धमती
वहिनींनी काय वाचलं मग?

कानामात्रा
हेडस्पेसचं सांगते. आमची मावशी म्हणायची, “बरणी बोटभर ऊन ठेव.” मी आठ वर्षांची. बरणी उचलली आणि गच्चीवर नेऊन ठेवली. दुपारभर उन्हात. शब्द मात्र तेव्हापासून डोक्यात पक्का बसला : ऊन म्हणजे कमी. तुमच्या पुस्तिकेला अगदी चपखल.

मधलीसुट्टी
असं कुणी म्हणत नाही हो. ‘उणी’ म्हणतात. ‘बरणी बोटभर उणी भर.’ मावशी तेच म्हणाल्या असतील, तुम्ही चुकीचं ऐकलंत.

कानामात्रा
माझी मावशी काय म्हणायची ते तुम्ही सांगणार? संस्कृतात ‘ऊन’च आहे. एकोणीस म्हणजे एकाने ऊन वीस.

मधलीसुट्टी
एको‘णी’स. ण बाणाचा. स्वतःच लिहिलंत.

आटेवाला
बोटभर चालणार नाही. जॅमला पाव इंच, फळांना अर्धा, शेंगांना पूर्ण एक इंच. जागा कमी सोडली तर आतलं उतू येऊन झाकणाच्या कडेला चिकटतं आणि झाकण बसत नाही. ‘उणी’ घ्या, पण पुढे आकडा लिहा. आणि क्रियापदाचं म्हणाल तर ‘बसणे’ विसरू नका. बरण्या बाहेर काढून ठेवल्या की गार होता होता एकेक झाकण ‘टक्’ करून आत ओढलं जातं. आम्ही स्वयंपाकघराबाहेर बसून मोजतो. सात बरण्या, सात ‘टक्’. मागच्या खेपेस सहाच ऐकू आले. सातवी सकाळी बोटाने दाबली तर झाकण डुगडुगलं. बसलंच नव्हतं. रात्रभर बाहेर राहिलेली, आत शेंगा, टाकून दिली.

पाऊणशहाणी
‘झाकण बसणे’ घेतलं! आता ‘स्टॉक अप’?

कानामात्रा
बेगमी. दुसरा शब्द शोधूसुद्धा नका.

शुद्धमती
फारसी आहे.

कानामात्रा
आहेच. बे आणि गम. चिंता नाही अशी स्थिती. आधी साठा, मग निश्चिंती. ‘संचय’मध्ये हे आहे का कुठे?

मधलीसुट्टी
मला तर वाटायचं बेगमेशी संबंध असेल. कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे म्हणून.

कानामात्रा
नाही. बेगम तुर्की वळणाचा शब्द, ‘बेग’ची जोडी. नुसतं उच्चारसाम्य.

मधलीसुट्टी
माझी व्युत्पत्ती जास्त छान होती.

टोपण
बेगमी कशाची तेही प्रकरणात स्पष्ट हवं. बरणी वर्षानुवर्षं चालते, तडा किंवा टवका नसला की झालं. वरचं आट्यांचं कडंही पुन्हा वापरता येतं. मधली चपटी चकती मात्र एकदाच, कारण तिच्या कडेचा मऊ थर एकदा दाबला गेला की दुसऱ्यांदा नीट धरत नाही. म्हणजे साठवायच्या त्या चकत्या. लोक बरण्यांचे ढीग लावतात आणि ऐन वेळी चकत्या संपतात. लिडला ‘चकती’, रिंगला ‘कडं’, असं करा.

पाऊणशहाणी
वा, सुटलंच म्हणायचं. पुस्तिकेत पुढे आहे, झाकण बसल्यावर रिंगा काढून मगच बरण्या फडताळात ठेवा. खाली गंज धरतो आणि चकती सुटली तरी कळत नाही. म्हणजे : ‘झाकणं बसली की कडी काढून ठेवा.’

मधलीसुट्टी
दार उघडं टाकून झोपायचं?

शुद्धमती
कडं नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन कडी. दाराची कडी स्त्रीलिंगी, एकवचनी. व्याकरणाची काहीच चूक नाही.

मधलीसुट्टी
चोर व्याकरण बघून येणारेत का?

कानामात्रा
‘वळं’ म्हणा.

शुद्धमती
वळं बोटात घालतात.

आटेवाला
आणि कडं मनगटात. मग काय करायचं?