विंडोजची एसएमटीपी सेवा गेली: "दहा मिनिटांचं काम" म्हणणाऱ्यांना उत्तर

वेर्णा-रॅक:
काल इथं कुणीतरी लिहिलं, "विंडोज सर्व्हर २०२५ मधून एसएमटीपी सेवा काढून टाकली आहे, एचमेलसर्व्हर टाका, दहा मिनिटांचं काम." ही सेवा म्हणजे ऑफिसातले प्रोग्राम, स्कॅनर यांचे मेल बाहेर पाठवणारा विंडोजचा भाग; एचमेलसर्व्हर हा विंडोजवरचा फुकट मेल सर्व्हर. वाचून राहवलं नाही. ज्याचा विकासच थांबलाय तो सर्व्हर बसवायचा म्हणजे आगीतून फुफाट्यात. जुनी सेवा २०१२ सालीच कालबाह्य ठरवली होती, तरी आपण ती रेटत राहिलो. आता तरी नीट करा. एक छोटं डेबियन लिनक्सचं यंत्र, १ जीबी रॅम, त्यावर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर, आणि बाहेर जाणारा प्रत्येक मेल ५८७ पोर्टवरून रिले सेवेकडे, म्हणजे आपले मेल पुढे पोचवणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरकडे.

पाटो-२५:
मधे पोस्टफिक्स हवाच कशाला? प्रोग्राममध्ये रिलेचा पत्ता आणि पासवर्ड घाला, झालं. घाई नसेल तर सर्व्हर २०२२ ला ऑक्टोबर २०३१ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत.

वेर्णा-रॅक:
अहो बाब, जुन्या स्कॅनरला टीएलएस १.२ (जोडणी कूटबद्ध करायची पद्धत) कुठून येणार? वीज गेल्याचा मेल पाठवणाऱ्या यूपीएसच्या कार्डात कित्येकदा पासवर्डचा रकानाच नसतो. जूनमध्ये फायबर तुटली की प्रोग्राम एकदा प्रयत्न करतो, एरर येते आणि मेल गेलाच. न गेलेले मेल धरून ठेवणारी पोस्टफिक्ससारखी रांग नाही तर दुसरा प्रयत्न नाही. २०३१ चं म्हणाल, तर विंडोजची ती जुनी सेवा डीकेआयएमची, म्हणजे मेल खरा असल्याची डिजिटल सही करत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५००० मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ (आपल्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांची यादी), डीकेआयएम, डीमार्क (या तपासण्या फसल्या तर काय करायचं तो नियम) तिन्ही सक्तीचे आहेत. त्याहून कमी पाठवणाऱ्यालाही पहिल्या दोहोंपैकी एक लागतंच.

सातेरी-फोंडा:
रिले, रिले काय लावलंय! स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्या आणि थेट पाठवा. आपली डाक परक्याच्या हातात द्यायची आणि वर त्याला भाडंही भरायचं?

मांडवीकाठ:
मग पीटीआर नोंद, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी, कोण लावणार? ती तुमच्या डीएनएसमध्ये लावून चालत नाही, आयपी ज्याचा आहे त्यालाच लावावी लागते. बदलत्या आयपींचे पट्टे तर बहुधा स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीतच (थेट मेल पाठवू नयेत अशा आयपींच्या) असतात.

पण तुम्ही सगळे मूळ अडचण सोडून भांडताय. पिकअप फोल्डरचं काय? मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये लिहिलेले जुने प्रोग्राम कित्येकदा एसएमटीपी बोलतच नाहीत, इनेटपबमधल्या मेलरूट फोल्डरखाली पिकअपमध्ये ईएमएल फाइल (एक मेल, एक फाइल) टाकून मोकळे होतात; जुनी सेवा ती उचलून पाठवायची. पोस्टफिक्सकडे तसला फोल्डर नाही. फाइली साचत राहतील आणि एरर कुठेच दिसणार नाही.

वेर्णा-रॅक:
दर मिनिटाला एक स्क्रिप्ट. फाइल उचलायची, पोस्टफिक्सच्या सेंडमेल कमांडला 'टी' (-t) पर्याय लावून द्यायची.

मांडवीकाठ:
हीच ती चूक, आणि ती सगळे करतात! 'टी' पर्याय टू, सीसी आणि बीसीसीचे हेडर (मेलच्या माथ्यावरच्या ओळी) वाचतो. डॉटनेट बीसीसीचं हेडर लिहीतच नाही. सगळे पत्ते फाइलच्या माथ्यावर एक्स-रिसीव्हरच्या ओळींत असतात. ग्राहकाला बिल पोचतं, हिशेबनिसाची बीसीसी प्रत गुपचूप गळते. वर त्या ओळी तशाच राहिल्या तर मेलचा सोर्स उघडणाऱ्या ग्राहकाला लपवलेले पत्तेही दिसतात.
एक्स-सेंडरच्या ओळीतला पत्ता पाठवणारा म्हणून सेंडमेलच्या 'एफ' (-f) पर्यायाला द्या, एक्स-रिसीव्हरचे पत्ते एकेक करून पुढे लावा, या ओळी कापा, उरलेली फाइल सेंडमेलच्या आत सोडा. अर्धवट लिहिलेली फाइल उचलली जाऊ नये म्हणून ३० सेकंदांहून जुन्याच घ्या. सेंडमेलने शून्य (म्हणजे काम झालं) परत केला तरच फाइल पुसा.

सातेरी-फोंडा:
एवढा द्राविडी प्राणायाम! वेब-कॉन्फिगमध्ये (प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाइलीत) डिलिव्हरी मेथड 'नेटवर्क' करा, होस्टला पोस्टफिक्सचा आयपी द्या.

मांडवीकाठ:
सेटिंग कॉन्फिगमध्ये असेल तर तुमचं बरोबर, मान्य. ती कोडात बांधलेली असेल आणि सोर्स हाताशी नसेल, तर स्क्रिप्टशिवाय गत्यंतर नाही.

पाटो-२५:
रांगेचं पटलं. पण पोस्टफिक्सचे मूळ आकडे आपल्या पावसाळ्यात चालत नाहीत, हे कुणी बोललंच नाही. फेरप्रयत्नाचं अंतर ३०० सेकंदांपासून ४००० पर्यंत वाढत जातं. चार तासांनी लाइन आली तरी मेल आणखी तासभर पडून राहू शकतो, आणि तोवर कळंगुटच्या हॉटेलचा पाहुणा खोली पक्की झाल्याच्या मेलची वाट बघत बसतो. कमाल अंतर ९०० करा, लाइन येताच पोस्टक्यू या कमांडला 'एफ' लावून रांग हलवा. रांगेची मुदतही मुळात ५ दिवस असते, ती १ वर आणा. नाहीतर मेल गेलाच नाही हे पाठवणाऱ्याला पाचव्या दिवशी कळतं.

वेर्णा-रॅक:
घेतलं. आणखी एक: मायनेटवर्क्समध्ये (पोस्टफिक्स ज्यांचे मेल न अडवता पुढे पाठवतो ती यादी) फक्त त्या त्या यंत्रांचे आयपी घाला, अख्ख्या ऑफिसचा पट्टा नको. राउटरवर बाहेरून २५ नंबरचा पोर्ट आत सोडू नका. काही राउटर आत येणाऱ्या जोडणीवर स्वतःचाच आतला आयपी लावतात. पट्टा मोकळा असला की पोस्टफिक्सला स्पॅमवाला घरचाच वाटतो आणि सगळ्यांसाठी दार उघडं होतं.
थेट पाठवण्याला माझा विरोध कायम आहे.

सातेरी-फोंडा:
माझंही मत कायम आहे. पीटीआर लावून देणारा पुरवठादार असेल तर मी थेटच पाठवणार.

मांडवीकाठ:
पाठवा. पण जुना सर्व्हर बंद करण्याआधी मेलरूटमधला बॅडमेल फोल्डर उघडून बघा. आजवर जे पोचलेही नाहीत आणि पाठवणाऱ्याकडे परतही जाऊ शकले नाहीत ते मेल तिथं पडलेले असतात, आणि कुठला प्रोग्राम चुकीच्या पत्त्यावर पाठवत होता तेही तिथंच कळतं.