मदत हवी आहे: इलेक्ट्रिक भट्टीत लोंगच्वानसारखा सेलाडॉन जमेल का?

नमस्कार मंडळी, पुण्यात छोटा पॉटरी स्टुडिओ आहे, भट्टी इलेक्ट्रिक, १२६० डिग्रीपर्यंत आरामात जाते. मला चीनमधल्या लोंगच्वानचा, म्हणजे दक्षिण सोंग काळातला (११२७–१२७९) निळसर हिरवा सेलाडॉन (भांड्यांवरचा काचेसारखा थर, म्हणजे ग्लेझ) करायचाय. हिरवा स्टेन (तयार रंगद्रव्य) घालून काम भागतं पण तो नकोय, रंग लोखंडातूनच यायला हवा.

ग्लेझमध्ये फेल्डस्पार, क्वार्ट्झ, व्हाइटिंग (चुना देणारी कॅल्शियम कार्बोनेटची पूड), थोडं केओलिन (पांढरी माती) आणि दीड टक्का आयर्न ऑक्साइड. माझ्या भट्टीतून हे फिकट पिवळं निघतं, हवा भरपूर असते ना, लोखंड फेरिकच (जास्त ऑक्सिजनवालं) राहतं. तिकडे लोंगच्वानला डोंगरउतारावर लाकडाच्या लांबलचक ड्रॅगन भट्ट्या होत्या, हवा कमी केली की कार्बन मोनॉक्साइड ग्लेझमधला ऑक्सिजन ओढून घेतो, लोखंड फेरस (कमी ऑक्सिजनवालं) होतं आणि तेवढंच लोखंड हिरवं दिसायला लागतं. माझ्याकडे धूर कोंडला तर एलिमेंटवरचा (तापणाऱ्या तारांवरचा) संरक्षक थर जाऊन कॉइल लवकर जातील, म्हणून तो मार्ग बंद.

मग ऑक्सिजन आतूनच ओढला जावा म्हणून ग्लेझमध्येच बारीक सिलिकॉन कार्बाइड अर्धा टक्का घातलं. टेस्ट टाइलवर वरच्या कडेला थर पातळ आहे तिथे पिवळटच, पण खाली ओघळून जाड झालंय तिथे खरंच हिरवी झाक आलीये!! फक्त पिनहोल (टाचणीच्या टोकाएवढी भोकं) खूप आहेत. ते कसे कमी करू? आणि पातळ भागात रंग का येत नाही? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
पातळ थरात बाहेरची हवा आतपर्यंत पोचते, लोखंड परत फेरिक होतं. कार्बाइड सगळ्या ग्लेझमध्ये मिसळू नका, फक्त खालच्या थरात घाला आणि वर साध्या ग्लेझचे दोन-तीन हात द्या. भट्टी सर्वात वरच्या तापमानाला थोडा वेळ थांबवा, कार्बाइडचा गॅस निघून जाईल आणि पिनहोल कमी होतील. पण सगळे बुडबुडे घालवायच्या मागे लागू नका बरं का, जेडसारखा तो मऊपणा आत अडकलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांवर आणि न वितळलेल्या क्वार्ट्झवर प्रकाश विखुरतो त्यातूनच येतो. लोंगच्वानचं आधीचं ग्लेझ चुन्याचं, पातळ वाहणारं. दक्षिण सोंगमध्ये पोटॅश वाढवला तेव्हा ते घट्ट झालं, न ओघळता जाड थर टिकायला लागला. तुमचं व्हाइटिंग थोडं कमी करून पोटॅश फेल्डस्पार वाढवा. आणि माती कुठली वापरताय? मातीत टायटॅनियम असेल तर निळी झाक मरते, एक टाइल पोर्सिलेनवर करून फोटो टाका.