कचरा वर्गीकरणावरील शालेय प्रकल्प : नेमके काय मोजावे आणि कसे?

नववीतील विद्यार्थिनी (प्रश्न)

नमस्कार. विज्ञान विषयासाठी आमच्या गटाला कचऱ्याचे वर्गीकरण आणि पुनर्चक्रीकरण या विषयावर प्रकल्प करायचा आहे. गटातील बहुतेकांचे म्हणणे असे आहे की रिकाम्या बाटल्यांच्या कुंड्या आणि जुन्या पुठ्ठ्याच्या शोभेच्या वस्तू कराव्यात आणि सोबत माहितीचे तक्ते लावावेत. मला हे पटत नाही, कारण प्रदर्शन संपले की रंग आणि गोंद लागलेल्या त्या वस्तू पुन्हा कचऱ्यातच जातात आणि त्यातून आम्हाला नवे काहीच कळत नाही. शाळेत प्रत्येक मजल्यावर ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे स्वतंत्र डबे आहेत, डब्यांवर ठळक अक्षरांत सूचनाही आहेत, तरीही सुक्या कचऱ्यात खरकटे आणि ओल्या कचऱ्यात वेष्टने सापडतातच. प्रकल्प यावरच करावा असे मला वाटते. मात्र त्यात प्रयोग म्हणता येईल असे काय असावे, काय मोजावे आणि निष्कर्ष कसा काढावा, हे समजत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

विज्ञान शिक्षक

तुझी शंका रास्त आहे आणि प्रकल्पाचा विषय तू स्वतःच शोधला आहेस. सूचना लिहिलेल्या असूनही कचरा चुकीच्या डब्यात जातो, हे तुमचे निरीक्षण आहे. त्यातून मोजता येण्याजोगा प्रश्न असा तयार होतो : सुक्या कचऱ्याच्या डब्यात वजनाने किती टक्के कचरा चुकीचा असतो, आणि कोणता एक बदल केल्यास हे प्रमाण कमी होते? तक्ते, घोषवाक्ये आणि शोभेच्या वस्तू बाजूला ठेवून याच एका प्रश्नावर सगळी शक्ती लावा.

पहिल्या टप्प्यात काहीही न बदलता फक्त मोजा. दिवसाच्या शेवटी एका मजल्यावरच्या सुक्या कचऱ्याचा डबा ताडपत्रीवर रिकामा करा, एकूण वजन घ्या, मग त्यातील चुकीच्या वस्तू वेगळ्या काढून त्यांचे वजन घ्या. डब्यात 4 किलो कचरा असून त्यात 600 ग्रॅम चुकीचा निघाला, तर दूषितपणा 15 टक्के झाला. कचरा फार असेल तर सगळा चिवडण्याची गरज नाही. तो नीट मिसळून त्याचा ढीग करावा, ढिगाचे चार सारखे भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग बाजूला सारावेत आणि उरलेले दोन एकत्र करून पुन्हा तेच करावे. असे करत हाताळता येईल एवढा नमुना उरतो आणि तो साधारणपणे संपूर्ण ढिगाचे प्रतिनिधित्व करतो. वरवरचा कचरा उचलून मोजला तर जड आणि ओलसर वस्तू तळाशी राहून जातात, म्हणून हा खटाटोप.

दुसऱ्या टप्प्यात एकच बदल करा. डब्यावर अक्षरांऐवजी त्याच शाळेत रोज टाकल्या जाणाऱ्या वस्तूंची चित्रे लावणे, झाकणाला कागदासाठी अरुंद फट आणि बाटल्यांसाठी गोल भोक ठेवणे, किंवा दूर दूर असलेले दोन डबे शेजारीशेजारी आणून ठेवणे, यांपैकी कोणताही एक. तिन्ही एकदम केले तर प्रमाण कमी झाले तरी ते कशामुळे झाले हे सांगता येणार नाही. एका मजल्यावर बदल करा आणि दुसरा मजला जसा आहे तसाच ठेवा, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत किंवा एखाद्या कार्यक्रमामुळे कचरा एकूणच बदलला तर ते दुसऱ्या मजल्याच्या आकड्यांवरून लक्षात येईल. आपल्यावर कोणी लक्ष ठेवून आहे हे कळले की माणसे काही काळ नीट वागतात, त्यामुळे मोजणी शाळा सुटल्यावर करावी आणि ती बरेच दिवस चालू ठेवावी. बदल केल्यानंतर लगेच सुधारणा दिसते, ती टिकते का हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. जाड रबरी हातमोजे, मुखपट्टी, बंद बूट आणि सोबत एक मोठी व्यक्ती असल्याशिवाय डबा उघडू नये. हात आत घालून चाचपू नये. चिमट्याने किंवा कचरा पसरून काम करावे. फुटलेली काच, सुई, वापरलेले सॅनिटरी पॅड किंवा औषधांचा कचरा दिसला, तर विद्यार्थ्यांनी त्याला हात न लावता त्याची फक्त नोंद घ्यावी.

सुका कचरा केंद्रावर वर्गीकरण करणारी कार्यकर्ती

सरांनी मोजण्याची पद्धत सांगितली आहे, त्यामुळे मी डबा शाळेतून निघाल्यावर पुढे काय होते ते सांगते, कारण चुकीचा कचरा म्हणजे नेमका कोणता हे त्याशिवाय ठरवता येत नाही.

आमच्याकडे पोते टेबलावर ओतले की पहिल्या नजरेतच कळते की त्यात अर्धवट भरलेली बाटली होती की नाही. टोपण सैल असते, आतले गोड पेय झिरपते आणि आजूबाजूचा चांगला कोरडा कागद चिकट लगदा होऊन बाटल्यांना, झाकणांना, पिशव्यांना लपेटून बसतो. बोटांनी तो सुटा करता येत नाही आणि पाण्याने धुतला तर कागद म्हणून त्याची किंमत उरत नाही. डब्यात टाकलेली चुकीची वस्तू एकच असते, पण तिच्यामुळे बाद झालेला कागद किलोभर असतो. म्हणून मोजताना तुम्ही दोन रकाने ठेवावेत असे मी सुचवीन : एक चुकून आलेल्या वस्तूंचा आणि दुसरा त्या वस्तूंमुळे खराब झालेल्या चांगल्या वस्तूंचा. दुसरा आकडा सहसा कोणी मोजत नाही आणि आमचे खरे नुकसान त्याच आकड्यात असते.

दिसायला सुका असूनही फसवणारा कचराही पुष्कळ असतो. पेयाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. कपाचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून बोटांनी चोळला की कागदाचे तंतू सुटतात आणि हातात पारदर्शक पापुद्रा राहतो. दूध किंवा रसाच्या टिकाऊ खोक्यात कागद, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम असे थर एकमेकांवर चिकटवलेले असतात. ते वेगळे करणारे कारखाने आहेत, पण साध्या रद्दीच्या गठ्ठ्यात हे खोके चालत नाही. चकचकीत वेष्टन धातूचे आहे की प्लास्टिकचे, हे मुठीत घट्ट चुरगाळून पाहावे. ॲल्युमिनियमचा पत्रा चुरगाळलेलाच राहतो. धातूचा केवळ मुलामा दिलेले प्लास्टिक हळूहळू उलगडते. दुकानातील छापील पावतीवर नख ओढल्यास काळी रेघ उमटली, तर तो उष्णतेने छपाई होणारा कागद आहे आणि त्यावरील रसायनांमुळे तो रद्दीत नको असतो. काचेतही असेच आहे. बाटलीची काच कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येते, परंतु प्रयोगशाळेतील उष्णतारोधक काच आणि चिनी मातीचे तुकडे त्याच तापमानाला वितळत नाहीत, नव्या काचेत खडे म्हणून राहतात आणि त्या जागी बाटली तडकते.

शाळेच्या कचऱ्यात बॅटऱ्या असतातच. मोबाइलची किंवा खेळण्यातली लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते, आणि भोवती कोरडा कागद असला की आग पसरायला वेळ लागत नाही. बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र डबा ठेवा, त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि त्यांची नोंद टक्केवारीत न मिसळता वेगळी करा, कारण त्यांचे वजन किरकोळ असले तरी धोका मोठा आहे.

नववीतील विद्यार्थिनी

सर आणि ताई, मनःपूर्वक आभार. खराब झालेल्या कागदाचा वेगळा रकाना गटातील सर्वांना आवडला. आणखी एक विचारायचे आहे. प्लास्टिकच्या वस्तूंवर त्रिकोणात आकडे असतात, पण तुटलेल्या तुकड्यांवर ते सापडत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकचे प्रकार ओळखता येतील का? शिवाय एका पेल्यावर ‘विघटनशील’ असे छापले आहे, तो ओल्या कचऱ्यात टाकावा का?

पॉलिमर अभियंता

आधी त्रिकोणाविषयीचा गैरसमज दूर करू. 1988 मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने 1 ते 7 हे आकडे लागू केले ते केवळ प्लास्टिक कोणत्या राळेचे, म्हणजे कोणत्या मूळ प्रकारचे, आहे हे कळावे म्हणून. भोवतीच्या बाणांमुळे लोकांना वाटू लागले की ती वस्तू पुनर्चक्रीकरणास योग्य आहेच. हा घोळ कमी करण्यासाठी 2013 मध्ये या चिन्हांच्या मानकात बदल करून बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आणला गेला, परंतु जुनी चिन्हे अजूनही सर्रास दिसतात.

आता तुकड्यांविषयी. घनतेवरून त्यांची विभागणी शाळेतही उत्तम करता येते आणि मोठ्या कारखान्यांतही बाटल्यांचा चुरा याच तत्त्वाने वेगळा करतात. पाण्याची घनता 1 मानली, तर टोपणांसाठी वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन सुमारे 0.90 आणि जाड डब्यांचे उच्च घनतेचे पॉलिथिन सुमारे 0.95, म्हणजे दोन्ही तरंगतात. टणक, ठिसूळ पॉलिस्टायरीन सुमारे 1.05, पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ (PET) हे प्लास्टिक सुमारे 1.38 आणि पीव्हीसीही साधारण त्याच्याच आसपास, त्यामुळे हे तिन्ही बुडतात. नंतर पाण्यात मीठ विरघळणे थांबेपर्यंत घालावे. त्या संपृक्त द्रावणाची घनता 1.2 च्या जवळ जाते आणि त्यात पॉलिस्टायरीन वर येते, पेट आणि पीव्हीसी मात्र तळाशीच राहतात. बाटली आणि तिचे टोपण बारीक कापून एकाच भांड्यात टाकून पाहा. टोपणाचे तुकडे वर आणि बाटलीचे खाली, अशी विभागणी काही क्षणांत डोळ्यांसमोर होते. तुकडे टाकण्यापूर्वी पाण्यात साबणाचा एक थेंब घालून ढवळून घ्यावे, कारण तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर बुडणारे प्लास्टिकही तरंगते. फोम या चाचणीत घेऊ नये. त्यात हवाच जास्त असते.

पेट आणि पीव्हीसी यांतील फरक या मार्गाने कळत नाही आणि तो ओळखण्यासाठी प्लास्टिक जाळून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. हाच वायू पुनर्चक्रीकरणातही अडचण करतो. पेट वितळण्यास सुमारे 250 ते 260 अंश सेल्सिअस तापमान लागते, त्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन आम्ल तयार होते आणि थोड्याशा पीव्हीसीमुळे पेटचा सबंध घाणा पिवळा व कमकुवत होतो. वर्गीकरण इतके काटेकोर का लागते, हे तुमच्या अहवालात सांगण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

विघटनशील पेला बहुधा पॉलिलॅक्टिक आम्ल या वनस्पतीजन्य प्लास्टिकचा असेल. त्याचे विघटन व्हायला औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातील सुमारे 60 अंशांचे तापमान बराच काळ टिकावे लागते. शाळेच्या खतखड्ड्यात तो वर्षानंतरही जवळपास तसाच दिसू शकतो, आणि सुक्या कचऱ्यात गेला तर पेटमध्ये मिसळून त्याची प्रत घालवतो. त्याची घनता सुमारे 1.24 असल्यामुळे मिठाच्या पाण्यातही तो तळाशी पेटबरोबर बसतो, हे प्रयोगात लक्षात ठेवा.

शाळेतील खतप्रकल्प सांभाळणारे पालक

ओल्या कचऱ्याबद्दल थोडेसे. त्याचे खत करून दाखवणार असाल तर निव्वळ ओला कचरा साठवू नका. त्यात वाळलेली पाने किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळा. कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण 25 ते 30 ला 1 च्या आसपास असेल तर जिवाणू जोमाने काम करतात. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दोन थेंबच पाणी यावे. धार लागली तर हवा कमी पडून कुबट वास येतो. ढिगाच्या मध्यभागी तापमापी खुपसून रोज नोंद घ्या. मोठा ढीग 55 अंशांच्या वर जातो, लहान बादलीतील मिश्रण तेवढे तापत नाही, कारण उष्णता बाजूंनी निघून जाते. तापमान वाढले नाही म्हणून प्रयोग फसला असे समजू नये. खत होते, फक्त हळू होते.

नववीतील विद्यार्थिनी

आमचे ठरले : झाकणाच्या आकाराचा प्रयोग, त्यासोबत घनतेची चाचणी. शेवटची अडचण अशी की वजनाने पाहिले तर प्लास्टिक अगदी कमी भरते, आणि डबा मात्र प्लास्टिकनेच भरलेला दिसतो. आलेख कशाचा काढावा?

विज्ञान शिक्षक

दोन्हींचा काढा आणि शेजारीशेजारी लावा. घनफळासाठी खुणा केलेली एकाच मापाची बादली वापरा, कचरा न दाबता भरा आणि दर वेळी त्याच पद्धतीने भरा. दूषितपणाची टक्केवारी मात्र वजनावरच ठेवा, कारण रद्दी आणि भंगार वजनावर घेतले जाते. ओल्या झालेल्या कागदात पाण्याचेही वजन येते, म्हणून त्याचा एक लहान नमुना उन्हात पूर्ण वाळवून दोन्ही वेळचे वजन लिहून ठेवा आणि त्या गुणोत्तराने आकडा दुरुस्त करा. एखाद्या दिवशी बदल केलेल्या मजल्यावर दूषितपणा वाढलेला दिसला तरी तो आकडा वगळू नका. त्या दिवशी काय वेगळे घडले होते ते सफाई करणाऱ्या मावशींना विचारा आणि त्यांचे उत्तर वहीत त्या आकड्यासमोरच नोंदवा.