मदत हवी आहे: पिकअपच्या डिझेल लाईनमध्ये रोज रात्री हवा शिरते

जुना डिझेल पिकअप, मेकॅनिकल पंपाचा. रात्रभर उभा राहिला की सकाळी धरत नाही. हातपंप पंधरा-वीस वेळा दाबला की लगेच सुरू, मग दिवसभर कुरकुर नाही. म्हणून बॅटरी आणि ग्लो प्लगवर (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा प्लग) संशय नाही.

फिल्टर नवा. बँजो बोल्टचे (नळी जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशरही नवे (जुनेच परत आवळले तर तिथूनही हवा ओढते). फिल्टरनंतर पारदर्शक नळी लावली, तर बारीक बुडबुडे दिसतात. फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) नळी जमिनीवर ठेवलेल्या डिझेलच्या कॅनमध्ये सोडली, बुडबुडे बंद. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू. म्हणजे दोष टाकी ते फीड पंप याच टप्प्यात. ही ओढीची बाजू, म्हणून हवा आत शिरते पण बाहेर थेंबही गळत नाही. चेसिसवरच्या लोखंडी नळीला क्लॅम्पखाली गंजाचे पापुद्रे सुटलेत. म्हापशाचा पाऊस, दुसरं काय!

लिफ्ट नाही, फक्त जॅक आणि दोन स्टँड. टाकी अर्धी भरलेली.

गंजलेला हातभर तुकडा कापून तिथे डिझेलची रबरी नळी क्लिपांनी बसवली तर टिकेल, की अख्खी नळी बदलावी? आणि टाकीतली ओढनळी (टाकीच्या तळातून डिझेल वर घेणारी नळी) चिरली आहे का, हे टाकी न उतरवता कसं तपासायचं?