पोरांच्या गाड्या, वेग आणि किल्ली कुणाच्या खिशात? – अनुभव धागा

चरईची_मीना
काल संध्याकाळी ठाण्यात उपवनच्या तळ्याकाठून मोटरसायकलींचा घोळका सायलेन्सरचे फटाके फोडत येऊरच्या दिशेने गेला. आजूबाजूची मंडळी "काय ही आजकालची पोरं" म्हणून मोकळी झाली. मला मात्र लुना आठवली. चढ लागला की पॅडल मारायचं, त्यामुळे वेगाचा प्रश्न कंपनीनेच मिटवलेला! आता अकरावीतलं पोर ११० सीसीची स्कूटर घेऊन क्लासला जातं आणि घरच्यांना त्यात वावगं काही वाटत नाही.
तर हा धागा. "समजावून सांगा" सोडून दुसरं काही लिहा. गाडीत, रस्त्यावर, घरच्या नियमांत नेमकं काय केलं की पोरांचा वेग उतरतो? शिकवणारे, गॅरेजवाले, विमावाले इथे बरेच आहेत म्हणून विचारतेय.

स्टिअरिंगकाका
आधी ब्रेक शिकवा. लायसन्सच्या परीक्षेला आठचा आकडा काढायला लावतात, कचकन थांबायला कुणी लावत नाही. त्यामुळे पोरांना वाटतं ब्रेक दाबला की गाडी थांबते.
सकाळी मोकळं मैदान किंवा सोसायटीचं रिकामं पार्किंग बघा. पाण्याची बाटली खुणेला ठेवा. २० च्या वेगाने यायचं, बाटलीपाशी ब्रेक, थांबला तिथे खडूने रेघ. मग ३०, मग ४०. त्याच्या पुढे जाऊ नका. हात बसला आणि रस्ता कोरडा असला तर २० ला दोन-अडीच मीटर लागतात आणि ४० ला नऊच्या आसपास. वेग दुप्पट, अंतर चौपट. हे पोराला पाठ असतं, फिजिक्सच्या पेपरात लिहूनही येतो, पण दोन रेघांमधलं अंतर स्वतः चालून मोजलं की चेहरा बदलतो. ६० ला वीस मीटर, आणि त्याआधी मेंदूला कळून हात हलेपर्यंत गेलेले पंचवीस वेगळे.
चुका कुठे होतात: स्कूटरवाले फक्त डावा, म्हणजे मागचा ब्रेक दाबतात. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत बहुधा सीबीएस असतं, म्हणजे डावा दाबला तरी पुढचा थोडा लागतो, पण थोडाच. थांबवण्याचं जास्त काम पुढच्या चाकाचं. तो ब्रेक दोन टप्प्यांत दाबायचा. आधी हलका, वजन पुढे आलं की घट्ट. एकदम आवळला आणि हँडल जरा जरी वाकडं असलं की पुढचं चाक घसरलंच. नजर लांब, बाटलीवर नाही.

निमूट
मीनाताई, लुना उतारावर सोडून बघितली नाहीत वाटतं 😄

चरईची_मीना
चरईत उतार कुठला हो!

पॉलिसीवाला
कायद्याचं थोडक्यात, कारण व्हॉट्सॲपवर फार चुकीचं फिरतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. पोरांना कैदेचं काही वाटत नाही, "पंचविशीपर्यंत लायसन्स नाही" हे मात्र झोंबतं. तेच सांगा.
विम्याचं त्याहून वाईट. लायसन्स नसलेल्याने कुणाला उडवलं तर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला पैसे भरायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव तो. घरोघरी बहुतेक आईचं असतं. आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम तर विसराच.

सीवूड्सची_शर्वरी
१६ व्या वर्षी चालते ना पण? लेकाच्या वर्गातले सगळे तेच सांगतात

पॉलिसीवाला
ताई, १६ ची सवलत बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीला. आज शोरूममध्ये ५० सीसीची स्कूटर शोधून दाखवा. सगळ्या ११०-१२५ च्या, म्हणजे १८ पूर्ण हवेच.

सीवूड्सची_शर्वरी
मग ती बिनलायसन्सची इलेक्ट्रिक?

दहाबाराचा_पाना
ती चालते. २५ चा कमाल वेग, २५० वॉटपर्यंतची मोटर, तिला नोंदणी नाही, लायसन्स नाही. पण भानगड अशी की काही जण कंट्रोलरचं (मोटरचा वेग ठरवणाऱ्या भागाचं) लॉक काढून देतात आणि तीच गाडी ४०-४५ पळते. मग ती कायद्याने मोटार वाहन झाली, विनानोंदणी, विनाविमा, वर चालवणारा अल्पवयीन. शिवाय तिचे ब्रेक आणि टायर २५ च्या हिशेबाने दिलेले असतात. सर्व्हिसिंगहून आली की स्वतः एक चक्कर मारा, काटा २५ च्या पुढे गेला की समजा हात लागलाय.
गॅरेजवाला म्हणून अजून: पोराच्या गाडीचं बिल वाचा. सायलेन्सर बदलला, आरसे काढले, साडीगार्ड काढला, मागे मूळ रिमवरच रुंद टायर चढवला, नंबरप्लेट वर दुमडली, यातल्या दोन गोष्टी दिसल्या की पोरगं गाडी कशी चालवतं ते वेगळं विचारायला नको. साडीगार्ड काढला की मागे बसलेलीची ओढणी थेट चाकात. आरसे नाहीत म्हणजे लेन बदलताना मान वळवणार, आणि मान वळली की हँडल पण वळतं.
मीनाताई, तुम्ही ऐकलेले फटाके असे फुटतात: वेगात असताना किल-स्विच (इंजिन बंद करायचं बटण) बंद करून परत चालू करायचा. मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी वितळते. आवाजाचं कलम १९०(२), कायद्यात १०,००० पर्यंत दंड आणि लायसन्स ३ महिने बाद. पण कलमापेक्षा "कन्व्हर्टर गेला तर पैसे तुझे" हे वाक्य चांगलं लागू पडतं.

खाडीपल्याड
पोलिस ते सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात त्याचे व्हिडिओ बघायला मजा येते

कोपरीकर
आणि दुसऱ्या दिवशी नवीन बसवतात 😑

पामबीच_पहाटे
नवी मुंबईचं वेगळं. पाम बीच रोडला खड्डे नाहीत, वळणं नाहीत, सिग्नल लांबलांब. वाशीहून बेलापूरकडे निघालं की वेग आपोआप चढतो, चालवणाऱ्याला कळतही नाही. मग बेलापूरचा किल्ला जंक्शनचा चौक येतो. सरळ मोकळा रस्ता नवशिक्याला सोपा वाटतो आणि तिथेच तो फसतो. पोराला पहिले काही महिने तिथे पाठवूच नका. सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर पार्क केलेल्या गाड्या, शाळेच्या बस, मधेच येणारी कुत्री यांत हात तयार होऊ दे.
आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. "एकदा रात्री जाऊन येऊ" म्हणणारे असतात म्हणून लिहिलं. चारचाकीला १०० ची मर्यादा.

नौपाड्यातली_काकू
आम्ही काय करतो लिहीत बसत नाही, नियम देते. लायसन्स मिळाल्यापासून सहा महिने: मित्र मागे बसवायचा नाही, रात्री दहानंतर गाडी नाही, हायवेला नाही. मित्राचा मुद्दा महत्त्वाचा. एकटं पोर ५० ने जातं, मागे कुणी बसलं की तेच ७० ने. किल्ली हुकाला, पोराच्या खिशात नाही. चलन आलं तर पॉकेटमनीतून, हप्ते पाडून. त्यासाठी गाडीच्या नोंदणीला आईबापांचा मोबाईल नंबर असायला हवा, नाहीतर चलनाचा मेसेज परस्पर पोराला जातो आणि घरी काही कळतच नाही.

ट्रॅफिकमधली_तेजू
काकू 👏 एक माझ्याकडून. आपणच फोन करणं बंद करायचं!! पोर गाडीवर आहे हे माहीत असून "कुठे पोहोचलास" म्हणून तीन-तीन फोन. हेल्मेटमध्ये फोन खोचलेली मुलं बघा, निम्म्यांच्या पलीकडे आईच असते. ६० ला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातात, तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की पन्नास मीटर आंधळे. हातात फोन धरून चालवणं कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यातच धरतात. नियम उलटा ठेवा: पोहोचल्यावर त्याने मेसेज करायचा, तोवर आपण गप्प. फोन डिकीत. कुकर लावते, नंतर येते

दहाबाराचा_पाना
हेल्मेटवरून: आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ लिहिलेलं बघा. मापाला टेप भुवयांच्या वरून डोक्याभोवती. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, डोकं हलवलं तर हेल्मेट बरोबर हललं पाहिजे. पट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच सैल. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे टोपी. एकदा जोरात आपटलेलं परत वापरू नका, आतला थर्माकोल दबलेला असतो, वरून दिसत नाही.

निमूट
कोपराला अडकवलेलं चालतं का? ठाण्यात कोपराची फार काळजी घेतात

गायमुख_वळण
😂 घोडबंदरवाल्यांसाठी. गायमुखच्या घाटात कंटेनरच्या डाव्या बाजूने घुसायचं नाही, म्हणजे नाहीच. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही. वळताना त्याची मागची चाकं आत कापतात, डावीकडची फट बंद होत जाते. पहिल्या पावसात धूळ-तेलाचा चिकट थर, नंतर कामाच्या जागी टाकलेले लोखंडी पत्रे आणि झेब्राचे पांढरे पट्टे. त्यांच्यावर ब्रेक नाही, वळण नाही, रेस तशीच धरून सरळ जायचं. ब्रेक पत्र्याच्या आधी संपवायचा.

खाडीपल्याड
चारचाकीबद्दल कुणीच लिहिलं नाही. १ जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांत ८० ला टुणटुण वाजतं, १२० च्या पुढे सलग. ते बंद करून घेणारे आहेत, आणि बेल्टच्या खोबणीत नुसती क्लिप खोचून ठेवणारेही. पोराला गाडी देण्याआधी दोन्ही तपासा. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा, नाहीतर मागचा पुढच्याच्या पाठीत बसतो.

कोपरीकर
विषयांतर, मामलेदारची मिसळ खायला रविवारी गाडी कुठे लावता?

नौपाड्यातली_काकू
लावूच नका, स्टेशनवरून चालत या. भूकही लागेल.

सीवूड्सची_शर्वरी
पानादादा, टायर संपलाय हे घरी कसं कळतं? लेक म्हणतो अजून नक्षी दिसतेय

दहाबाराचा_पाना
नक्षी दिसते म्हणून टायर चांगला असं नसतं. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा असतो. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं की टायर गेला. आधी मागचा बघा, मधोमध, तिथे लवकर झिजतो. आणि हवा टायर थंड असताना भरा, आकडा मडगार्डजवळच्या किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर मिळेल.