गुडघ्यातील कूर्चेची दुरुस्ती: मायक्रोफ्रॅक्चर की पेशीरोपण?

प्रश्न:
माझे वय ३६ आहे. कबड्डी खेळताना उजवा गुडघा पिळवटला, तेव्हापासून जिना उतरताना दुखतो आणि संध्याकाळपर्यंत सुजतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर, आतल्या बाजूस, सुमारे ३ चौरस सेंटिमीटर जागेतील कूर्चा (हाडाच्या टोकावरचे गुळगुळीत आवरण) पार हाडापर्यंत निघून गेल्याचे एमआरआयमध्ये दिसते. एका शल्यचिकित्सकांनी मायक्रोफ्रॅक्चर सुचवले, तर दुसऱ्यांनी पेशीरोपण. खर्चात मोठी तफावत आहे. ‘गादी शिवून घ्या’ असेही काहींनी सांगितले.

उत्तर १:
शिवतात ती गादी, म्हणजे मेनिस्कस (मांडी व नडगीच्या हाडांमधली चकती), वेगळी. आपली इजा हाडावरच्या गुळगुळीत आवरणाला झाली आहे, आणि त्यात रक्तवाहिन्याच नसल्यामुळे ते आपसूक भरून येत नाही; एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये उघड्या हाडाला टोच्याने तीन-चार मिलिमीटर अंतरावर छिद्रे पाडतात, त्यांतून मज्जेतील रक्त व पेशी वर येऊन गुठळी होते आणि तिचे पुढे तंतुमय कूर्चेत रूपांतर होते. डांबरी रस्त्यावरचा खड्डा मुरूम टाकून भरावा, तसा हा प्रकार आहे: खड्डा बुजतो, पण मूळ कूर्चेइतका टिकाऊपणा त्यात नसतो. म्हणून ही पद्धत साधारणपणे २ चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान जखमांना अधिक मानवते. पेशीरोपण स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९८७ मध्ये रुग्णावर प्रथम झाले. त्यात कमी भाराच्या भागातून कूर्चेचा छोटा तुकडा घेऊन त्यातील पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या जखमेत बसवतात. आपल्या जखमेचा आकार पाहता दुसरा सल्ला मला अधिक सयुक्तिक वाटतो.

उत्तर २:
माझे मायक्रोफ्रॅक्चर झाले आहे. सहा आठवडे कुबड्या, मग दोन वर्षे उत्तम आणि नंतर पुन्हा तेच दुखणे. कारण नंतर कळले: माझा पाय किंचित धनुष्यासारखा वाकलेला असल्याने सगळा भार नेमका त्याच जागी पडत होता, आणि तो वाक आधी कोणी मोजलाच नव्हता. उभे राहून संपूर्ण पायाचा एक्स-रे काढला आहे का? वाक मोठा असेल, तर नडगीचे हाड कापून सरळ करावे लागते. लिगामेंट (हाडांना जोडणारा बंध) तुटले असेल, तर तेही दुरुस्त करावे लागते. एरवी महागडे पेशीरोपणही वाया जाईल.

प्रश्नकर्ता:
तसा एक्स-रे दोघांनीही सांगितला नव्हता. तो काढूनच आता दोघांना पुन्हा भेटतो.