संध्याकाळची गॅलरी फेरी: मार्गदर्शक हवाच का?
'आपलं आपण निवांत बघता येतं, मार्गदर्शक कशाला' असं बरेच जण म्हणतात, ते दिवसापुरतं ठीक. चित्रांच्या गॅलऱ्या बघत हिंडायच्या संध्याकाळच्या फेरीत पुष्कळदा चित्रकार स्वतःच हजर असतात आणि ओळख करून देणारं कुणी सोबत असलं की भीड चेपते.

तैलचित्र समोरून चमकत असेल तर दोन पावलं बाजूला सरका. तिरप्या उजेडात रंगाचे थर, रंग लावायच्या सुरीचे फटकारे असे काही उठून दिसतात! जलरंगांच्या दालनात अंधारलेलं वाटलं तर कुरकुर नको. कागदावरचे रंग उडू नयेत म्हणून तिथे प्रकाश मुद्दाम ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवायची पद्धत आहे. नावाच्या पट्टीशेजारी लाल टिकली दिसली की समजायचं, चित्र विकलं गेलंय.

मात्र एकाच संध्याकाळी सहा-सात गॅलऱ्या उरकणारी फेरी असेल तर सरळ टाळा. तीन पुरे.